मावशीचे अडतीस लाख: आज द्यावेत की पंधरा वर्षांनी?

पत्र थोडक्यात असं:

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ५२, बँकेत अधिकारी, निवृत्तीला आठ वर्षं बाकी. त्यांची मावशी सरकारी रुग्णालयात नर्स होती. तिने लग्न केलं नव्हतं. गेल्या वर्षी ती गेली आणि डोंबिवलीचा वन रूम किचनचा फ्लॅट भाचीच्या नावावर करून गेली. मृत्युपत्रात दानाचा उल्लेख नाही, पण शेवटच्या आजारपणात ती एवढं म्हणाली होती, "तुला गरज नाही, ठाऊक आहे मला. कुठल्यातरी चांगल्या कामाला लाव." फ्लॅट विकून आणि कर भरून ३८ लाख रुपये उरले. यजमान म्हणतात, एफडीत ठेवू, कोटभर झाले की देऊ. मुलगा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं मत, पंधरा वर्षं म्युच्युअल फंडात ठेव, चौपट-पाचपट होतील, आज देणं म्हणजे आजीच्या पैशाचं नुकसान. धाकटी बहीण म्हणते, वर्षश्राद्धाच्या आत देऊन मोकळी हो. ओळखीच्या एका संस्थेचे कार्यकर्ते म्हणतात, कायम निधीत द्या, मावशींच्या नावाचा फलक लागेल आणि व्याजातून काम कायम चालेल. "सगळ्यांचंच पटतं, म्हणून काहीच होत नाही. पैसे अकरा महिने बचत खात्यात पडून आहेत. मी चुकतेय का?"

पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय, की मावशी दर जूनमध्ये घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीची शाळेची फी भरायची.

ताई,

तुमच्या घरात आणि घराबाहेर मिळून चार मतं आहेत, आणि गेले अकरा महिने तुम्ही पाचवंच अमलात आणताय. बचत खात्यात ठेवा, असं तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बँकेतल्या माणसाला बचत खात्याच्या व्याजाबद्दल मी काय सांगावं! चूक म्हणायची तर तेवढीच, आणि ती सोमवारी सकाळी दहा मिनिटांत दुरुस्त होते. बाकी ज्याला तुम्ही चुकणं म्हणताय, तो मला तरी विचार करणं वाटतो.

आधी मुलाचं ऐकू, कारण तो आकड्यांत बोलतोय आणि आकड्यांशी भांडायची सोय असते. त्याने वर्षाला ११ टक्के धरले असावेत. त्या हिशेबाने ३८ लाखांचे पंधरा वर्षांत साधारण १ कोटी ८२ लाख होतात. नफ्यावर आजच्या दराने साडेबारा टक्के कर गेला, तर १ कोटी ६४ लाख उरतात. आता महागाई ६ टक्के धरा. त्या १ कोटी ६४ लाखांची किंमत आजच्या रुपयांत होते सुमारे ६८ लाख. म्हणजे चौपट-पाचपट नाही, पावणेदोन पटीच्या थोडं वर. तरी हे थोडं नाही. मुलगा ढोबळमानाने बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. फक्त तुम्हाला पैसे द्यायचेत ते बहुधा औषधांना, नर्सच्या पगाराला, कुणाच्या शिक्षणाला, आणि हे खर्च सर्वसाधारण महागाईपेक्षा जोरात वाढतात. ते ८ टक्क्यांनी वाढतात असं धरलं, तर त्याच पैशातून आजच्या हिशेबाने ५२ लाखांचं काम होईल. पंधरा वर्षं थांबून ३८ चे ५२, तेही बाजाराने ११ टक्के दिले तर.

यजमानांची एफडी मात्र हिशेबात टिकत नाही. ७ टक्क्यांनी पंधरा वर्षांत कोटी होतात, हे खरं. पण तुम्ही २० टक्क्यांच्या करटप्प्यात असाल, तर हातात ५.६ टक्केच पडतात. त्याने ३८ चे होतात ८६ लाख. आणि आजच्या ३८ लाखांइतकी खरेदी करायला तेव्हा लागतील ९१ लाख. निवृत्तीनंतर तुमचा कर कमी होईल, म्हणून हिशेब थोडा सुधारेल. पण कोटी हा शब्द कानाला जितका गोड लागतो तितका तो पोटाला भरत नाही, एवढं त्यांना हळूच दाखवा. हळूच अशासाठी की त्यांचं म्हणणं मुळात व्याजाबद्दल आहे असं मला वाटत नाही. त्याकडे पुन्हा येते.

मुलाच्या मुद्द्यात एक गृहीत दडलेलं आहे, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. वाढतात ते फक्त गुंतवलेले पैसे, दिलेले पैसे खर्च होऊन संपतात, असं तो धरून चाललाय. पण दिलेलाही पैसा वाढतो. त्याचं पासबुक नसतं, म्हणून दिसत नाही इतकंच.

मावशी नर्स होत्या, म्हणून गडचिरोलीचं उदाहरण घेते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायची. तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात बालसेवा हा देशभरचा सरकारी कार्यक्रम झाला. आता विचार करा, १९९४ साली त्या ३९ गावांच्या कामाला कुणी हजार रुपये दिले असतील, त्या हजारांचा परतावा कुठल्या फंडाशी ताडून बघायचा? तेच हजार 'अजून पद्धत सिद्ध व्हायचीय' म्हणून कुणी शेअरबाजारात ठेवले असते आणि २०१५ साली दिले असते, तर देणगी मोठी झाली असती आणि काम लहान.

पुण्यात याहून जुनी गोष्ट आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला १८९६ साली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि ठाकरसींच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, ते आजतागायत आहे. दोन्ही देणग्या मोलाच्याच. पण झोपडीच उभी राहिली नसती, तर ठाकरसींनी पंधरा लाख कुणाला दिले असते? सुरुवातीच्या पैशाला असं एक वजन असतं, जे नंतरच्या मोठ्या रकमेला येत नाही. उलटही खरं आहे. १९०० साली कुणी कर्व्यांच्या हातात एकदम पंधरा लाख ठेवले असते, तर त्यांचं काय करायचं हा प्रश्नच झाला असता. रक्कम पेलण्याइतकं काम आधी उभं राहावं लागतं. मुलाला हा दुसरा अर्धा भाग जरूर सांगा, तो त्याच्या बाजूचा आहे.

आणि काही गरजा तर संपूनच जातात. देवी रोगाविरुद्धची जागतिक मोहीम १९६७ मध्ये नेटाने सुरू झाली आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. १९७० साली तिच्यासाठी दिलेल्या रुपयाने जे झालं, ते आज कितीही कोटींनी होणार नाही, कारण रोगच उरला नाही. एप्रिल २०२१ आठवा. त्या महिन्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला दिलेले पन्नास हजार आणि पुढच्या वर्षी दिलेले पन्नास हजार, यांत कुठल्या व्याजदराचा फरक होता?

म्हणून तुमच्या बहिणीचं बरोबर ठरतं का? कीर्तनात ऐकलेली गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. युधिष्ठिराने याचकाला "उद्या ये" म्हटलं, तेव्हा भीमाने जाऊन विजयाची नौबत वाजवली. का, तर माझ्या भावाने काळाला एक दिवस जिंकलं, उद्यापर्यंत आपण जगणार याची त्याला खात्री आहे! गोष्ट झकास आहे. पण दारात याचक उभा होता, हे तिच्यातलं विसरू नका. कुणाला काय हवंय ते समोर दिसत होतं. तुमच्या दारात या क्षणी कोण उभं आहे? वर्षश्राद्धाची तारीख उभी आहे. तिथीचा मान जेवण घालून, एखाद्या वसतिगृहाला महिन्याचा किराणा भरून राखता येतो. ३८ लाखांसाठी तिथी हे कारण पुरत नाही. घाईने दिलेली मोठी रक्कम बहुधा ज्याचा फोन आधी येतो त्याला जाते.

थांबण्याच्या बाजूने सगळ्यात मजबूत मुद्दा माझ्या मते व्याजाचा नाहीच, शिकण्याचा आहे. आज तुम्हाला कुठली संस्था काय करते, कुणाचे हिशेब चोख, कुणाची फक्त माहितीपत्रकं सुंदर, हे माहीत नाही. दोन वर्षांनी माहीत असेल. पण हेही लक्षात घ्या, की ते ज्ञान एफडीची पावती कपाटात ठेवून येत नाही. पन्नास हजार देऊन बघा. पावती किती दिवसांत येते, सहा महिन्यांनी स्वतःहून काही कळवतात का, भेटायला गेलात तर काम दाखवतात की ट्रॉफ्या दाखवतात, हे सगळं दिल्यावर कळतं. न देता थांबलेला माणूस पंधरा वर्षांनीही तितकाच अडाणी असतो. माझा असा अडाणीपणा मी चांगला नऊ वर्षं सांभाळला होता, म्हणून सांगते.

आता कायम निधी. इथे मी थोडी कडवट आहे, त्याला कारण आहे. १९८४ साली मला शाळेत संस्कृतचं बक्षीस मिळालं, अकरा रुपये. कुणा गृहस्थांनी १९४८ साली पत्नीच्या स्मरणार्थ शाळेकडे ५०१ रुपये ठेवले होते, त्याच्या व्याजातलं ते बक्षीस. १९४८ मध्ये ५०१ रुपयांत चार-साडेचार तोळे सोनं आलं असतं! माझ्या वर्षी प्रमुख पाहुण्यांच्या हाराला अकरा रुपयांहून जास्त पडले असतील. त्या गृहस्थांनी तेच पैसे १९४८ साली दोन-तीन मुलींच्या फीला दिले असते, तर त्या मॅट्रिक होऊन कुठे पोचल्या असत्या, हा विचार मला अजून कधीतरी छळतो. दरवर्षी सगळं व्याज खर्च करायचं आणि मुद्दल तेवढंच ठेवायचं, या पद्धतीत मुद्दल दर वर्षी थोडं थोडं मरत असतं. फलकावरचं नाव तेवढं ताजं राहतं.

कायम निधी मुळातच वाईट, असं मात्र नाही. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा, आणि दोन्ही आजही देताहेत. पण त्यांच्याकडे बँकेतली ठेव नव्हती, वाढत्या उद्योगातला हिस्सा होता, आणि पिढ्यान् पिढ्या तो सांभाळणारी यंत्रणा होती. तुमच्या ओळखीच्या संस्थेला दोन प्रश्न विचारा. व्याजातला काही भाग महागाईपोटी मुद्दलात परत घालता का? आणि मागचे कायम निधी आज कुठल्या कामाला लागताहेत? उत्तर चांगलं आलं, तर संस्थेकडे निधी ठेवण्यात एक फायदाही आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला व्याजावर सहसा कर पडत नाही, तुम्हाला पडतो. फक्त 'कायम निधीसाठी' असं लेखी द्यावं लागतं. तसं न लिहिता दिलेली देणगी संस्थेचं त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्यांनी सर्वसाधारणपणे त्याच वर्षी कामावर खर्च करायचा असतो.

लांब पल्ल्याच्या दानाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी मुत्सद्द्याचं. १७९० मध्ये तो वारला. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी हजार पौंड ठेवले, अट अशी की तरुण कारागिरांना व्याजाने कर्ज द्यायचं, शंभर वर्षांनी काही भाग काढायचा आणि उरलेला दोनशे वर्षांनी. १९९० मध्ये बोस्टनकडे सुमारे पन्नास लाख डॉलर निघाले, फिलाडेल्फियाकडे वीस लाखांच्या आसपास. धीराचं फळ म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. सारखी रक्कम, सारखी अट, सारखी दोनशे वर्षं, आणि निम्म्याहून अधिक फरक पडला तो केवळ सांभाळणाऱ्यांमुळे. शिवाय उमेदवारी करून तयार झालेल्या ज्या कारागिरांसाठी योजना होती, ती उमेदवारीची पद्धतच मध्ये मोडीत निघाली. 'नंतर' देणारा माणूस खरं तर निर्णय अनोळखी माणसांच्या हाती देऊन जातो.

तुमच्या बाबतीत ती अनोळखी व्यक्ती म्हणजे ६७ वर्षांच्या तुम्ही. ती बाई कशी असेल? आज मावशीचा आवाज तुमच्या कानात आहे. पंधरा वर्षांनी नातवंडं असतील, मुलाला मोठं घर घ्यायचं असेल, यजमानांचे गुडघे किंवा हृदय काहीतरी बोलू लागलं असेल, आणि हे पैसे इतकी वर्षं तुमच्याच खात्यात राहून तुमचेच वाटू लागलेले असतील. यात लबाडी काही नाही, माणसाचं मन असंच चालतं. कायद्याने ते तुमचेच आहेत, म्हणजे अडवणारंही कुणी नाही.

आणि आता यजमान. "कोटभर झाले की देऊ" या वाक्यात मला वेगळंच वाक्य ऐकू येतं: "आपल्यालाच लागले तर?" हा प्रश्न त्यांना उघड विचारता येत नाहीये, कारण मावशींच्या शेवटच्या इच्छेपुढे तो स्वार्थी वाटतो. तुम्हीच विचारा. एका रविवारी बसा, आरोग्य विमा किती, निवृत्तीनंतर दोघांचं मिळून काय येईल, घराचं कर्ज फिटलं का, हे कागदावर मांडा. तरतूद अपुरी असेल, तर मावशींच्या पैशातले चार-पाच लाख सरळ आजारपणासाठी बाजूला काढा आणि तसं मोठ्याने म्हणा. नर्स असलेल्या बाईला त्यात वावगं वाटलं नसतं. पण म्हातारपणाची भीती आणि दानाची वेळ हे दोन डबे वेगळे ठेवा. एकात मिसळले की 'नंतर' कधी उगवतच नाही.

मग थांबायचंच नाही का? थांबा, पण कशासाठी थांबतोय ते वाक्यात लिहिता आलं पाहिजे. "तालुक्याच्या गावी रुग्णालयाची इमारत दोन वर्षांत उभी राहील, तेव्हा यंत्रांना देऊ" हे थांबणं झालं. "ही संस्था एक वर्ष पारखून मग मोठी रक्कम देऊ" हेही झालं. पूरग्रस्तांसाठी तर मी थांबाच म्हणेन. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे आणि बिस्किटांचे ढीग लागतात. सहा महिन्यांनी, कॅमेरे गेल्यावर, शिलाई मशीन आणि शेळ्या घ्यायला पैसे नसतात. पण "योग्य वेळ आली की" हे वाक्य त्यात बसत नाही.

माझं मत विचाराल तर पाच वर्षं. निवृत्तीच्या बऱ्याच आधी, तुमच्या अंगात संस्था फिरून बघायची ताकद असताना, हे पैसे संपलेले असावेत. अमेरिकेतले चक फीनी आपली सुमारे आठ अब्ज डॉलरची संपत्ती जिवंतपणीच वाटून मोकळे झाले. त्यांची संस्था २०२० मध्ये काम पुरं करून बंद झाली, ते गेले २०२३ मध्ये. रक्कम सोडा, पण दिलेल्याचं काय झालं ते डोळ्यांनी बघण्याची त्यांची हौस मला पटते. पहिल्या वर्षी पाच लाख, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. उरलेल्याच्या एक, दोन, तीन आणि चार वर्षांच्या एफडी करा, साधारण सव्वाआठ लाखांची एकेक. पाच वर्षांत मोडायचे पैसे मुलाच्या शेअरबाजारात नकोत, हे तोही मान्य करेल. आणि एक गोष्ट न विसरता करा, ऑटो रिन्यूअल बंद ठेवा. मुदत संपली की पैसे खात्यात येऊन पडू देत. दर वर्षी एकदा तुम्हाला निर्णयाला बसावंच लागेल. वर येणारं व्याज हाताशी ठेवा, मधेच २०२१ सारखं काही उद्भवलं तर लगेच देता येईल.

त्या तीन ठिकाणांपैकी एखादं मुलाला निवडू द्या. तो वाचतोय, आकडे मांडतोय, म्हणजे त्याला आस्था आहे. शिवाय तुम्हाला काही झालं तर पुढचं त्याच्याकडेच येणार. त्यासाठी मृत्युपत्रही आत्ताच करा, दोन साक्षीदारांसह, संस्थांची पूर्ण नावं आणि नोंदणी क्रमांक लिहून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तुमच्या काउंटरवर तुम्हीच किती जणांना समजावलं असेल!

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही थोडं. मार्चअखेर आली की देणगीची धांदल उडते. पण तुम्ही नवी कररचना घेतली असेल, तर ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती वजावट तुम्हाला मिळतच नाही, मग मार्चची घाई कुणासाठी? जुन्या रचनेत असाल, तर दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, आणि पावतीबरोबर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्रही मागून घ्या. संस्थांना विचाराल तर त्यांना मार्चमधल्या बारा हजारांपेक्षा दर महिन्याचे हजार जास्त उपयोगी पडतात. पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

पंचविशीतल्या वाचकांनी क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी फेडावी, त्या व्याजाला हरवेल असं पुण्य मला माहीत नाही. पण ती फिटल्यावर "आधी पन्नास लाखांचा पोर्टफोलिओ, मग दान" असं ठरवू नका. पाचशे रुपयांनी का होईना, सुरू करा. अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी काहींची तिथे देणगीदार-निर्देशित निधीची, म्हणजे दानासाठी पैसे आधीच काढून ठेवायची, खाती असतील. करसवलत पैसे ठेवल्या वर्षीच पदरात पडते आणि पुढे ते संस्थेला कधी द्यायचे याची मुदत नसते. तिथल्या खासगी फाउंडेशनांना वर्षाला मालमत्तेच्या साधारण पाच टक्के द्यावेच लागतात, तुमच्या खात्याला तेवढंही बंधन नाही. तुम्हीच ते स्वतःला घालून घ्या.

ताई, शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य. मावशी नर्सच्या पगारात दर जूनमध्ये एका मुलीची फी भरत होत्या. त्यांच्या लेखी देण्याला महिना होता, आणि तो फी भरण्याचा होता. गेल्या जूनमध्ये त्या नव्हत्या. त्या मुलीची फी कुणी भरली, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तिचं नाव नाही, इयत्ता नाही. फ्लॅट रिकामा करताना मावशींच्या वह्या, शाळेच्या पावत्या तुम्ही कुठेतरी ठेवल्या असतीलच. त्या बाईंचा नंबर डोंबिवलीच्या शेजाऱ्यांकडे मिळेल. आधी त्यांना फोन करा. तिन्ही ठिकाणं ठरायला दोन महिने लागले तरी चालतील.